आप्पांनी आंबट सोडलं तो उन्हाळा

पोलादपूरला एस.टी.तून उतरले आणि नाकात धूर गेला. कचऱ्याचा नव्हे, वणव्याचाही नव्हे. या धुराला शेणाचा, ऐनाच्या वाळक्या पानांचा आणि भाजलेल्या मातीचा वास असतो. राब भाजायला लागले होते. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर आमच्याकडे उन्हाळ्यात शेण, पाचोळा, तोडलेल्या पालेदार फांद्या, त्यावर गवत असं रचतात, वरून मातीचा हात फिरवतात आणि तो सगळा थर पेटवून देतात. तण मरतं, राख जमिनीत जिरते, रोप जोमानं येतं. पुण्यातल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या 'अगं बाई, केवढं प्रदूषण!' म्हणतात. म्हणोत बापड्या. मी मात्र त्या वासानं स्टँडवरच्या नळाशी उगाचच तोंड धूत उभी राहते. तीन वर्षं झाली, तरी.

उमरठच्या रस्त्याला आमची वाडी. तिथं राब भाजावा तो आप्पांनीच. आप्पा म्हणजे माझे वडील. वाऱ्याच्या दिशेनं त्यांनी कधी काडी लावली नाही, नेहमी उलट बाजूनं. 'आग पळाली का वरचं वर जळतं गो बाय, खालची माती कच्चीच ऱ्हाते,' असं सांगायचे. आग उलटी लावली की ती कुरकुरत, एकेक पाऊल टाकत पुढं सरकते आणि थर तळापर्यंत भाजून निघतो. सगळं निवलं की आप्पा खाली बसायचे, चिमूटभर माती जिभेच्या टोकावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि थुंकून टाकायचे. 'ग्येला आंबूसपना,' असा निकाल द्यायचे. नाही गेला तर आणखी राख आणून पसरायला लावायचे. लहानपणी मला या प्रकाराची भयंकर लाज वाटायची. पुढं कृषी खात्याचा माणूस आला, मातीचे नमुने घेऊन गेला आणि आमच्याकडच्या लाल जमिनी आम्लधर्मी आहेत असा कागद आला. आप्पा कागद उलटसुलट बघून म्हणाले, 'मंग मी काय येगळं सांगत व्हतो काय?'

त्या जिभेपायी आमच्या घरात जेवणाची फार कटकट असायची. कोकम जुनं आहे की नवं, हे आप्पांना पहिल्या घासाला कळे. रातांब्याचं झाड मागच्या दारीच होतं. रातांबे पिकले की आई फोडून सालं वाळवायची, रसात बुडवून पुन्हा वाळवायची आणि वर्षाची आमसुलं बरणीत भरायची. कुळथाच्या पिठीत ती दोन घालायची की तीन, यावरून नवराबायकोची भांडणं मी ऐकलेली आहेत. आमसुलाशिवाय पिठी आप्पांच्या लेखी जेवणच नव्हे. 'भिताडाला लावायचं सारवन हाय ह्ये,' असं ते म्हणायचे.

मी पुण्याला एका प्रयोगशाळेत नोकरी करते. औषध म्हणून द्यायच्या अँटिबॉडी आपलं लक्ष्य किती घट्ट धरतात, हे मोजण्याचं आमचं काम. यंत्रात सोन्याचा मुलामा दिलेला एक नखाएवढा तुकडा असतो. त्यावर लक्ष्य, म्हणजे पेशीच्या अंगावरचं एखादं प्रथिन, चिकटवून ठेवायचं आणि वरून अँटिबॉडीचं पाणी वाहू द्यायचं. ती किती लवकर धरते आणि किती उशिरा सोडते, याची रेघ पडद्यावर उमटते. चांगल्या अँटिबॉडीची रेघ चढते आणि चढलेली तशीच राहते, खाली यायचं नावच घेत नाही. पण तुकडा महाग असतो, पुन्हा वापरायचा असतो. म्हणून प्रत्येक मोजणीनंतर आम्ही त्यावरून आम्ल सोडतो. जी पकड तासभर हलली नव्हती ती आम्लाच्या चार थेंबांनी सुटते. आम्ल आलं की प्रथिनांच्या अंगावरचे विद्युतभार बदलतात, धरणारं आणि धरलं जाणारं एकमेकांना जुळेनासं होतं. हे मी दिवसातून वीसदा करते. त्यात कुणाचा जीव असतो, असं मला तोवर कधी वाटलेलं नव्हतं.

आप्पांनी आंबट सोडलं त्याच्या आदल्या दिवाळीत त्यांचं पोट दुखायला लागलं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि तोवर ती यकृतात पोचलेली होती. पौषापासून दर पंधरवड्याला पुण्याला नेऊन शिरेतून औषध सुरू झालं, आणि त्या औषधात एक अँटिबॉडी होती. माझ्या यंत्रावर तिच्याच जातीच्या कितीतरी अँटिबॉडी मी तपासल्या होत्या. खोटं कशाला बोलू, मला अभिमानच वाटला. बाटलीतलं पाणी थेंबथेंब आप्पांच्या हातात उतरताना मी मनात पडद्यावरची ती चढलेली रेघ बघत होते.

तिसऱ्या की चौथ्या खेपेनंतर आप्पांच्या नाकावर, गालांवर, कपाळावर लाल पुटकुळ्या आल्या. या औषधानं येतात तशा; ते ज्या प्रथिनाला धरतं ते कातडीतही असतं. डॉक्टर खूश झाले, औषध लागू पडत असल्याचं हे बरेचदा लक्षण असतं म्हणाले. आप्पा आरशात बघून म्हणाले, 'आयला, लगीन झाल्यावर पन मुरमं?' आई पदर तोंडाशी धरून हसली. त्या उन्हाळ्यात आई हसलेली मला आठवते ती एवढीच.

फाल्गुनात राब भाजायची वेळ आली. आप्पांना खुर्ची बांधावर आणून दिली आणि काडी चुलतभावानं लावली. आप्पा काठीनं दाखवत होते, 'हिकडनं, उलटं, उलटं रे!' आग धरली तसे ते निवांत झाले आणि मला म्हणाले, 'गो बाय, ह्ये औषद करतं काय नेमकं? तुज्याच कामातलं हाय ना?'

झालं. मला कुणी विचारायचाच अवकाश असतो. मी खाली बसले, काडीनं राखेत बेचकं काढलं. 'ही अँटिबॉडी. या दोन टोकांनी ती गाठीच्या पेशीला धरते. एकदा धरलं की पेशीला वाढायचा निरोपच पोचत नाही.'

'सुटत न्हाय?'

'सहसा नाही. आम्हाला तर मुद्दाम सोडवावी लागते. आम्ल सोडायचं वरून, आंबट केलं की सुटते.'

'आनि गाठीच्या भवती कसं असतं?'

'तिथं जरा आंबटच असतं,' मी म्हणाले. 'गाठ साखर अर्धवट जाळते आणि आम्ल बाहेर टाकते.'

आप्पांनी समोरच्या राबाकडं बघितलं. 'अर्धवट जळलं का आंबूसच ऱ्हानार,' ते म्हणाले.

मी टाळीच दिली त्यांना. प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या कॉलेजातल्या पोरांना जे समजवायला मला तास लागतो ते माझ्या चौथी शिकलेल्या बापानं एका वाक्यात सांगितलं, म्हणून मी वाडीभर सांगत सुटले. ते वाक्य त्यांनी पुढं कुठवर नेलं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. जमीन आंबट झाली तर तिच्यात काय घालायचं आणि काय घालायचं नाही, हे माणसाच्या हातात असतं. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. मग शरीर तरी वेगळं कशाला असेल?

मला कळलं ते फाल्गुन सरता सरता. पुण्याहून औषध घेऊन वरंध घाटानं महाडला उतरलो आणि तिथून पोलादपूरची गाडी धरली. चवदार तळ्यावरून परतणाऱ्या माणसांनी गाडी भरलेली होती, पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, मांडीवर झोपलेली लेकरं. आप्पांचा चेहरा बघून एक बाई उठली आणि 'बसा दादा' म्हणत तिनं जागा दिली. घाटानं आप्पांना मळमळत होतं. ते बघून तिनं पिशवीतून लिमलेटची गोळी काढून पुढं केली.

'नको बाय, आंबट बंद हाय,' आप्पा म्हणाले. आणि माझ्याकडं बोट दाखवून मोठ्या ऐटीत, 'ही माजी पोरगी. ह्याच कामात हाय पुन्याला. तिनंच सांगितलंय, आंबटानं औषदाची पकड सुटते.'

बाईनं माझ्याकडं कौतुकानं बघितलं. म्हणाली, 'नशीबवान हायसा दादा. घरचंच मानूस.'

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. खाण्यानं रक्ताचं आम्ल बदलत नाही. लिंबू खा, चिंच खा, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं रक्ताला जागेवरून हलू देत नाहीत. गाठीभोवतालचा आंबटपणा गाठच तयार करते, त्याला ताटातल्या कोकमाचा पत्ताही नसतो. एवढं बोलायला दोन मिनिटं पुरली असती. पण परक्या बाईसमोर आप्पांचा चेहरा इतका फुललेला होता की माझी जीभ उचलेना. घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरी गेले तर आमसुलांची बरणी आईनं माळ्यावर टाकलेली, ताक बंद, चिंच बंद, कैरीच्या फोडी शेजारी वाटून टाकलेल्या. आप्पा सारवणासारखी पिठी मुकाट्यानं गिळत होते. दोन घास, की ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी नव्हती. मी पहाटेची गाडी पकडून पुण्याला गेले. हे लिहिताना सुद्धा माझीच मला चीड येते.

त्या दिवसांत मी कामावर एक चाळा सुरू केला होता. आमची मोजमापं पंचवीस अंशांवर होतात, स्वच्छ, खारट, बेताच्या पाण्यात. शरीर कुठं तसं असतं? तिथं सदतीस अंशांची ऊब, रक्तात हजार प्रथिनांची गर्दी, लक्ष्याचे तुटलेले तुकडे वाटेतच तरंगत असतात आणि अँटिबॉडी त्यांनाच धरून बसते. गाठीच्या आत रक्तवाहिन्या वाकड्यातिकड्या, औषध शिरायलाच वाट नाही, आणि शिरलंच तर तिथं ते आंबट पाणी. मी यंत्राचं तापमान वाढवून बघायची, पाणी थोडं आंबट करून बघायची. कुठल्या अँटिबॉडीची रेघ ढळायची नाही, कुठली हळूहळू उतरायला लागायची. उतरणारी दिसली की मी घरी फोन लावायची. 'जेवलात का?' एवढंच विचारायची.

वैशाखात रातांबे पिकले. मागच्या दारी नुसता लाल सडा पडलेला. आई फोडत होती आणि आप्पा तिकडं पाठ करून खुर्चीत बसलेले. गळ्याची हाडं वर आलेली. नुकत्याच काढलेल्या स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी वाढलेल्या दिसल्या होत्या. चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या मात्र अजून टवटवीत. औषधानं कातडीला धरलं होतं आणि गाठीला सोडलं होतं. का सोडलं, हे कुणालाच नक्की सांगता आलं नाही. गाठीनं रूप पालटलं असेल, दुसरा रस्ता काढला असेल. डॉक्टरांनी हात वर केले नाहीत, पण भरवसाही दिला नाही.

त्या दिवशी मी आप्पांसमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगून टाकलं. 'आप्पा, माझं चुकलं. आंबट खाल्ल्यानं काही होत नाही. काही संबंध नाही त्याचा. आईला सोलकढी करायला सांगते, प्या पोटभर.'

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, 'म्हंजे मी पाळलं त्येचा काय उपेग नाय?'

'नाही आप्पा.'

'मंग माज्या हातात काय ऱ्हायलं?'

मला वाटलं होतं, ते हसतील. दोन शिव्या घालतील आणि वाटी मागतील. त्यांच्या चेहऱ्यावरून जे उतरलं ते मी जन्मात विसरणार नाही. सलाईन डॉक्टरांचं, स्कॅन यंत्राचं, पैशाअडक्याची धावपळ माझी, शेत चुलतभावाकडं. या सगळ्यात एक गोष्ट त्यांची स्वतःची होती, आणि ती मी काढून घेतली. मग मी काय केलं? मी, आकड्यांवर पोट भरणारी बाई, घाईघाईनं म्हणाले, 'म्हणजे अगदीच नाही असं नाही हो. थोडा फरक पडतच असेल. पाळलेलं बरंच.'

'तसं सांग की मंग,' आप्पा म्हणाले आणि मान टेकून डोळे मिटले. आई रातांबा हातात धरून आमच्या दोघांकडं बघत होती. पहिलं खरं आणि दुसरं खोटं, का उलट, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

ज्येष्ठात आप्पा गेले. त्यांनी काठीनं दाखवून भाजून घेतलेल्या राबात रोपं वीतभर आली होती. सावित्री नदीत अस्थी सोडून आलो तेव्हा चुलतभाऊ लावणीची माणसं बघत होता.

पुण्यात कुणीतरी विचारतं, अजून तेच काम करतेस का गं? करते. एक गोष्ट तर मी हल्ली रोज आठवते. पेशी बाहेरचं काहीबाही गिळत असतात, अँटिबॉडीही गिळतात आणि आपल्या पोटातल्या एका आंबट कप्प्यात नेतात. तिथं गेलेलं पुढं पचून संपायचं. पण त्याच कप्प्यात एक प्रथिन असं आहे की ते अँटिबॉडीला नेमकं आंबटातच घट्ट धरतं, उचलून परत रक्तापाशी आणतं आणि बाहेर आंबटपणा नाही म्हणून सोडून देतं. म्हणून तर एकदा दिलेलं औषध पंधरवडा पुरतं. आंबटानं पकड सुटते हे जेवढं खरं, तेवढंच आंबटानं पकड बसते हेही खरं. हे अर्धं मी आप्पांना सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तो माणूस तांब्यानं सोलकढी प्यायला असता, आणि त्यालाही 'पाळतो' म्हणाला असता.

तर यंदा धुरातून चालत घरी पोचले. आईनं जेवायला वाढलं. कुळथाची पिठी, भात, भाजलेली सुकट. पहिला घास घेतला आणि थांबले.

'आमसूल विसरलीस?'

'मी खात नाय,' आई म्हणाली. 'तुला पायजे तर काढते.'

'खात नाहीस म्हणजे? कधीपासून?'

ती चुलीकडं तोंड करून निखारे सारखे करत राहिली. मी सणासुदीला येते, तेव्हा गोडाधोडाचं असतं, माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी दोनदा विचारलं तेव्हा ती पाठमोरीच बोलली.

'शुभे, मी एक पाप केलं गो. तुज्या आप्पांच्या पिठीत आमसूल घातलं व्हतं. एकच. जायच्या आधी दहा-बारा दीस. काय खात नव्हते, नुसता पानी मागत व्हते. मला बघवंना. म्हटलं एकानं काय व्हतंय, आन् घातलं, आन् वाढताना काढून टाकलं, दिसाया नको म्हनून. मंग त्यांचं बिघाडलं ते बिघाडलंच. औषद सुटलं असंल माज्यामुळं.'

तीन वर्षं. तीन वर्षं ही बाई एकटी या घरात हे घेऊन बसली होती, आणि दर रविवारी मी फोनवर 'बरी आहेस ना?' विचारत होते. मी उठून तिच्याजवळ गेले. सांगितलं सगळं, अगदी पहिल्यापासून. राखेतलं बेचकं, माझी फुशारकी, बसमधली बाई, आणि वैशाखात मी खरं बोलले ते आणि लगेच खोटं बोलले तेही. आंबटाचा काडीचा संबंध नव्हता, आई. तुझ्या आमसुलानं काही म्हणजे काहीही झालेलं नाही.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, 'तवाच का नाय मला सांगितलंस?'

मी नुसती रडत बसले. वय पंचेचाळीस, आणि आईच्या पदरात तोंड खुपसून रडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण तिचं लक्ष दुसरीकडंच होतं.

'त्या दिशी जेवले व्हते पन,' ती म्हणाली. 'दुसऱ्यांदा भात मागून घ्येतला. म्हनाले, आज पिठीला चव हाय. मी घाबारले. पन त्यांना काय कळलं नाय.'

मी मान वर केली. 'आई, आप्पांना कळलं नाही?'

'मी काढून टाकलं व्हतं ना आमसूल.'

'मातीतला आंबूसपणा जिभेवर ओळखणारा माणूस, आई. आमसूल जुनं की नवं ते पहिल्या घासाला सांगणारा. त्याला कळलं नाही?'

आई माझ्याकडं बघत राहिली. चुलीतलं लाकूड धुमसत होतं, ते आत सारायचंही तिला सुचलं नाही.

'म्हंजे कळून खाल्लं त्यांनी?'

'कळून खाल्लं. आणि मागून घेतलं.'

'आन् मला बोलले नाय.'

'नाही बोलले.'

मग आई रडली. आप्पा गेले तेव्हा आल्यागेल्याचं करण्यात तिचं रडणं राहूनच गेलं होतं. ते सगळं आता निघालं, मोठ्यानं, 'अवो, अवो' करत. मी तिला रडू दिलं. बाहेर कुणाचातरी राब पेटलेला होता आणि दारातून धूर आत येत होता.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, स्टूल ओढलं आणि माळ्यावरची बरणी काढली. आमसुलं काळी पडून दगड झाली होती. तिनं दोन काढली, धुतली, थोडी थांबली, तिसरं काढलं आणि पिठीत टाकून पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं. आम्ही दोघी जेवलो. पिठी आंबट झाली होती, अंमळ जास्तच. आईनं दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.